पाईपचा सांधा का गळतो?

(इयत्ता सातवी, परसबाग गटाचा अभ्यास)

मित्रांनो, शाळेच्या परसबागेला पाणी घालायची पाळी आपल्यापैकी प्रत्येकाची आलेली आहे. त्यामुळे नळाखालचा चिखलही प्रत्येकाच्या पायाला लागलेला आहे. वांग्यांची आळी कोरडी आणि नळाखाली मात्र चिखल, असे का? या प्रश्नापासून आमच्या गटाच्या अभ्यासाला सुरुवात झाली.

पाणी गळत होते ते नळ आणि पाईप जिथे जोडले आहेत त्या सांध्यातून. आम्ही सांध्याखाली लिटरचे माप ठेवले आणि घड्याळ घेऊन बसलो. माप भरायला 4 मिनिटे लागली. म्हणजे तासाला 15 लिटर. बागेला पाणी घालायला दीड तास लागतो, तेव्हा रोजचे साडेबावीस लिटर. आपल्या शाळेतला मोठा हंडा 15 लिटरचा आहे, म्हणजे रोज दीड हंडा पाणी नळाखालीच जाते. डिसेंबर ते एप्रिल हे 5 महिने धरले आणि दर महिन्याचे 30 दिवस धरले, तर 22.5 × 150 = 3,375 लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात कोणालाच खरा वाटेना. दोघांनी पुन्हा गुणाकार करून पाहिला. आकडा तोच आला.

हे घरी सांगितले तर आजोबा म्हणाले, “अरे, ता पानी जमनीतच मुरता मां? मगे वाया खय गेला?”

आजोबांचा प्रश्न आम्ही गुरुजींना विचारला. गुरुजी म्हणाले, प्रश्न चांगला आहे, उत्तर शोधून काढा. आम्ही दोन दिवस नळाखाली लक्ष ठेवले. निम्म्याहून जास्त पाणी कातळावरून वाहत गटाराला जाते. थोडे उन्हाने सुकते. जे मुरते ते मुरते, पण वांग्याच्या मुळाशी जात नाही. शिवाय ते पाणी विहिरीतून टाकीत चढवायला पंप चालवावा लागला होता, त्याची वीज गेली ती परत येत नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावर आणखी एक कारण आहे. समुद्राजवळच्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राचे पाणी जड असते. 1 लिटर गोडे पाणी 1000 ग्रॅम भरते, तर तेवढेच समुद्राचे पाणी सुमारे 1025 ग्रॅम. फरक फक्त 25 ग्रॅमचा, पण 1000 ला 25 ने भागून पाहा, 40 येतात. समुद्राच्या पातळीपेक्षा 1 फूट वर गोडे पाणी असेल, तर त्याच्या जोरावर पातळीखाली सुमारे 40 फूट गोडे पाणी तोललेले असते. उलट उपसा करून वरची पातळी 1 फुटाने उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू 40 फूट वर येऊ पाहते. समुद्राला लागून असलेल्या काही बावी मे महिन्यात मचूळ का लागतात, ते आम्हांला तेव्हा समजले. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम 1664 साली सुरू झाले. चारही बाजूंनी समुद्र असूनही तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सहलीला गेलो तेव्हा आपण त्या पाहिल्या आहेत.

आता सांध्याकडे वळू. पहिला उपाय आमचाच होता आणि तो चुकला. आम्ही पक्कड आणून नट जोराने आवळला. गळती वाढली! मग वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तिच्यावर सुतळी बांधली. पाणी पट्टीच्या आतून वाट काढून दुसऱ्या बाजूने ठिबकू लागले. शेवटी पंप दुरुस्त करणारे काका शाळेत आले होते, त्यांना दाखवले. त्यांनी नट हाताने सोडवला आणि आतला वायसर बोटावर घेतला. तो एका बाजूला चिरला होता. काका म्हणाले, “आट्यांनी पानी अडना नाय रे. पानी अडवता तो वायसर. तुम्ही तोच कापून टाकलात.”

ही गोष्ट आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हती. आम्हांला वाटायचे की आटे जितके घट्ट, तितके पाणी बंद. पण आटे म्हणजे धातूवर धातू. दोन्हींमध्ये बारीक फट राहतेच आणि त्या फटीतून पाणी गोल गोल फिरत बाहेर येते. आट्यांचे काम वायसर दाबून धरण्याचे. वायसर मऊ असतो, म्हणून तो दाबला की दोन्ही बाजूंच्या खाचखळग्यांत भरून बसतो. त्यालाही मर्यादा आहे. प्रमाणाबाहेर आवळला तर तो कापला जातो. किती जोर पुरे? आम्ही हिशेब केला. 10 मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो असतो. आपली टाकी नळापासून 5 मीटर उंच आहे, म्हणून इथे अर्धा किलो. अर्ध्या इंची पाईपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे सव्वा चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी सांध्याला सव्वासहाशे ग्रॅम वजनाइतकेच ढकलते. एवढ्यासाठी पक्कड कशाला? चांगला वायसर असेल तर हाताची पकड पुरते.

नवा वायसर घातला. माप कोरडे राहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी नळाखाली पुन्हा चिखल!

या वेळी वायसर अगदी चांगला होता, पण नट सैल झाला होता. आवळला की एक-दोन दिवस ठीक, मग पुन्हा सैल. कोणी खोडी काढत असेल असे समजून आम्ही एक दिवस पाळतही ठेवली. (पाचवीच्या मुलांची आम्ही येथे माफी मागतो.) खोडी पाईपचीच निघाली. ती कशी, हे पाहण्यासाठी घरी हा प्रयोग करा.

साहित्य : वेणीची एक लांब रिबीन. कृती : रिबीन डाव्या हाताच्या चार बोटांभोवती 5 वेढे देऊन गुंडाळा. आता वेढे न उलगडता बोटांच्या टोकाकडून रिबिनीचे टोक ओढून घ्या. ताणून धरा आणि पीळ मोजा. 5 वेढ्यांना 5 पीळ पडलेले दिसतील. दुसऱ्या वेळी तीच रिबीन हात फिरवून वेढा वेढा उलगडा. एकही पीळ पडणार नाही.

आपण पाईप गुंडाळून खुंटीला अडकवतो आणि सकाळी टोक धरून सरळ ओढत नेतो. 8 वेढे असतील तर पाईपला 8 पीळ. हा पीळ सुटायला वाट शोधतो. पुढचे टोक आपल्या मुठीत, मागचे नळाला बांधलेले. मग पीळ एक तर पाईपला घडी पाडतो, नाहीतर नट उलटा फिरवून सैल करतो. घडी पडली तर पाणी थांबते, आणि पाणी थांबले की टाकीचा पूर्ण दाब सांध्यावर येतो. म्हणजे नट सैल होतो त्याच वेळी दाब वाढतो. आजोबांना रिबीन दाखवली तेव्हा ते हसले. “गाय खुट्याभोवती फिरली की दाव्याक पीळ पडता, तसाच ह्या. म्हणान साखळीत फिरकी घालतत.”

नळासाठीही अशी फिरकी मिळते. तिला आम्ही फिरता सांधा असे नाव दिले आहे. दुकानात मात्र नीट पाहून घ्यावे लागते, कारण दोन प्रकार असतात आणि ते वरून सारखे दिसतात. पहिल्या प्रकारात नट तेवढा मोकळा फिरतो. बसवताना पाईप न पिळता नट आवळता येतो, हा त्याचा फायदा. पण एकदा आवळला की सगळे घट्ट, मग पीळ पुन्हा नटालाच सोडवू पाहतो. दुसरा प्रकार खरा फिरता. नट आवळल्यावरही आणि पाणी चालू असतानाही त्याचा पुढचा भाग पाईपबरोबर फिरतो.

फिरायचे आणि गळायचे नाही, ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मोकळे ठेवावे तर पाणी येते, घट्ट करावे तर फिरत नाही. ही अडचण एका साध्या रबरी कड्याने सोडवली आहे. पेनावर टोपण बसते तशी आतल्या नळीवर बाहेरची नळी बसते. आतल्या नळीला गोल खाच असते आणि खाचेत बांगडीसारखे गोल कडे. कडे खाचेच्या खोलीपेक्षा थोडे जाड असते, म्हणून बाहेरची नळी त्याला हलके दाबते. फार नाही, जरासेच. पाणी आले की ते कड्याला खाचेच्या एका बाजूला ढकलते आणि कडे फटीच्या तोंडावर दडपून बसते. वाऱ्याने दार चौकटीवर घट्ट बसावे तसे. आम्हांला सर्वांत नवल याचेच वाटले, की ज्या पाण्याला अडवायचे तेच पाणी कड्याला मदत करते.

नळीला नळी जोडणे हे काम जुने आहे. हॉलंडमधील यान व्हान डेर हेडेन हा चित्रकार होता. त्याने 1672 च्या सुमारास आग विझवण्यासाठी चामड्याच्या लांब नळ्या शिवल्या आणि त्यांचे तुकडे पितळी सांध्यांनी जोडले. रबराला गंधक घालून तापवले तर ते उन्हाने चिकट होत नाही आणि थंडीने कडक होत नाही, हे चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडले. आणि खाचेत बसणाऱ्या गोल कड्याचे पेटंट नील्स ख्रिस्टेन्सन यांनी 1937 साली मागितले. ते जन्माने डेन्मार्कचे, राहायला अमेरिकेत. तेव्हा त्यांचे वय 70 च्या पुढे होते! आपल्या जिल्ह्यात दोडामार्गकडे रबराची झाडे लावलेली आहेत. त्यांच्या चिकापासूनही वायसर होऊ शकतो.

एवढ्याशा कड्याचे महत्त्व सांगायला एक दुःखद घटना सांगावी लागते. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. त्या पहाटे कडाक्याची थंडी होती. इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातले रबरी कडे थंडीने ताठरले, वेळेवर फुलून फट बुजवू शकले नाही आणि तप्त वायू बाहेर पडला. चौकशीच्या वेळी शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला आणि सर्वांसमोर दाखवले, की चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही. आपल्याकडे तशी थंडी नाही. पण उन्हात पडून रबर कडक होते, हे आम्ही पाहिले. जुना वायसर नखाने दाबला तर खूण तशीच राहते, नवा लगेच सरळ होतो. खूण राहिली की वायसर बदलावा.

पालकांनी घरी पाहण्यासारख्या दोन-तीन गोष्टी काकांनी सांगितल्या. आपल्याकडे पुळणीची वाळू खाचेत शिरते आणि कडे झिजवते, म्हणून पाईप जमिनीवर टाकताना तोंड वर ठेवावे. कडे बसवताना साबणाचे पाणी लावावे. गाडीचे ऑइल लावू नये, साधे रबर त्याने फुगते. पाईप आवळायची क्लिप साध्या लोखंडाची असेल तर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते, ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी. पितळेच्या नळाला ॲल्युमिनियमचा नट लावू नये. खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि नट असा चिकटतो की पुढे नळच कापावा लागतो.

आता शाळेच्या नळाला खरा फिरता सांधा बसवला आहे. पाईप वेढा वेढा उलगडायची जबाबदारी पाळीवाल्यांची. सांध्याखाली तांब्या ठेवला असून शेजारच्या वहीत रोजची गळती लिहायची आहे. पहिल्या आठवड्यात पाच दिवस “कोरडा” असे लिहिले आहे, एक दिवस 11 थेंब. त्या दिवशी कोणी पाईप ओढला होता, ते वहीत लिहिलेले नाही.