हराळी मरते कशी, जगते कशी

पोरी, हिरवळ पिवळी पडली म्हणून लगेच उकरून नवी टाकायच्या मागे लागू नकोस. हराळी मेली की नाही, हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही. अंगणात उकिडवी बस, वाळलेल्या पट्ट्यातली एक कांडी हळूच उपटून काढ आणि पेरापाशी नखाने खरवड. आत पांढरं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे, नुसती थांबली आहे. तपकिरी, पोकळ निघाली आणि वाकवताच कट्कन मोडली तर गेली. एकाच जागी बघून निकाल लावू नकोस. चारी कोपऱ्यांत बघ, मधे बघ आणि चार बोटं माती बाजूला सारून खालचे धावते कोंबही बघ. वरचं सगळं करपलं तरी जीव तिथे असतो.

आमच्या अण्णांनी जन्मभर हराळी मारण्यातच कष्ट उपसले. काळ्या रानात हराळी आणि कुंदा हे शेतकऱ्याचे दोन जुने वैरी. पण ती मरते कशी हे ज्याला नेमकं ठाऊक, त्यालाच ती जगवता येते, असं मी त्यांच्याकडे बघून शिकलो. अण्णांचे उपाय तीनच होते. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून मुळ्या उन्हात उघड्या टाकायच्या. खरिपात ताग नाहीतर दाट ज्वारी पेरून तिचा उजेड तोडायचा. त्यातूनही उरेल तिला पान धरू न देता पुन्हा पुन्हा खुरपत राहायचं, म्हणजे मुळांतला साठा संपतो. आता तुझ्या अंगणाकडे बघ. भर एप्रिलमध्ये माळ्याकडून कुदळ मारून घेतलीस, कंपाउंडला लावलेल्या अशोकांची सावली दुपारपर्यंत हटत नाही आणि दर रविवारी यंत्र पार मातीला टेकवून गवत कापलं जातं. शेतकरी हराळी मारायला जे करतो, ते सगळं तिथे चाललं आहे.

सावलीचं आधी मिटव, कारण त्यावर खत-पाण्याचा काही उपाय नाही. हराळीला दिवसाकाठी सहा-सात तास तरी थेट ऊन लागतं. फांद्या छाटून तेवढं मिळत असेल तर छाट. मिळत नसेल तर तेवढा पट्टा सोडून दे, तिथे शहाबादी टाक, कुंड्या ठेव. आंब्याखाली हिरवळ धरायच्या हट्टापायी दरसाल पैसे घालवणारी घरं मी नांदेडातही पाहिली, लातुरातही पाहिली.

कापणीचा नियम एवढाच, की एका वेळी पानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. आपल्याकडे दीड इंच उंची ठेवावी, उन्हाळ्यात त्याहून थोडी जास्त. कापल्यावर दुसऱ्या दिवशी शेंडे नीट बघ. पांढरट, चिंधी झालेले दिसले तर पात्याला धार नाही.

आता पाण्याचं. एक हजार चौरस फुटांना एक इंच पाणी द्यायचं म्हटलं तर सुमारे २,३५० लिटर लागतं. वाढीच्या दिवसांत, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्याला एवढं एकदाच दे, पण मुरेल असं दे. रोज संध्याकाळी नळी धरून पानं भिजवली की मुळ्या वरच्या दोन बोटांतच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात जळतात. किती पाणी पडलं हे कळायला हिरवळीवर दोन-तीन रिकामे डबे ठेव आणि काडीने मोजून बघ.

उन्हाळ्यात मात्र हिरवा रंग टिकवायचा आग्रहच धरू नकोस. लातूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली खेप पाच लाख लिटरची होती. अशा वर्षी गवताला पाणी घालणं मला पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. आणि तशी गरजही नसते. हराळीला नुसतं जिवंत राहायला तीन-चार आठवड्यांतून अर्धा इंच पाणी पुरतं, म्हणजे हजार फुटांना बाराशे लिटरच्या आत. ती पिवळी होईल, होऊ दे. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि ज्यांनी कुदळ लावली नव्हती त्यांच्या अंगणात ती आपसूक फुटून आली. पुण्याकडच्या नर्सऱ्यांतून आणलेल्या तयार लॉनच्या लाद्यांचं तसं झालं नाही. त्या लादीखालची माती वेगळी, आपली काळी वेगळी. मुळ्या त्या पातळ थरातच फिरत राहतात, खाली उतरत नाहीत, मग पाणी तुटलं की सगळंच जातं.

घरातलं उरलेलं पाणी हिरवळीला द्यायचं तर एवढं लक्षात ठेव. एसीचं पाणी खुशाल घाल, त्यात क्षार नसतात. आरओच्या नळीतून जे टाकाऊ पाणी येतं त्यात क्षार दाटलेले असतात. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी तर त्याहून वाईट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी आधीच जड. त्यात हे रोज पडलं की मातीवर पांढरी खपली धरते. ती दिसली तर माती आणि पाणी दोन्ही तपासून घे. बिलोली तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, लातूरला कृषी महाविद्यालय आहे. जिप्सम टाकायचं की नाही, किती टाकायचं, हे तपासणीनंतरच ठरव. दुकानदाराच्या सांगण्यावरून पोतं आणू नकोस.

काळ्या मातीचा स्वभाव ओळखल्याशिवाय पुढचं काम जमायचं नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भेगाळताना मुळ्या तोडते. मृगाआधी भेगांमध्ये चाळलेलं जुनं शेणखत भर. ओली असताना तिच्यावर पाय देऊ नकोस, मांडव तर मुळीच घालू देऊ नकोस. पाऊस पडून गेला की वाफसा येईपर्यंत थांब. मूठभर माती दाबून बघ. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, की वाफसा. मग टोकदार सळई घेऊन चार-चार बोटांवर, चार इंच खोल भोकं पाड. जिथे सळई अडते तिथे खाली विटांचे तुकडे नाहीतर बांधकामाचं डबर आहे असं समज. तेवढीच जागा उकरून डबर काढ, चांगली माती भर. भोकांवर पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत अर्धा सेंटिमीटर पसर आणि खराट्याने सार. पानांचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. कच्चं शेण घातलंस तर त्यातून तणाचं बी येईल. माती भुसभुशीत व्हावी म्हणून लोक वाळूच्या दोन पाट्या टाकतात. एवढ्याशा वाळूने काळी माती सुटत नाही, उलट कित्येकदा आवळते.

उघड्या पडलेल्या जागी आर्द्रा-पुनर्वसूत हराळी लाव. तुझ्याच अंगणातल्या निरोगी भागातल्या कांड्या घे, तीन पेरांचे तुकडे कर, दोन पेरं मातीत आणि एक वर, चार-चार बोटांवर. जागा मोठी असेल तर तुकडे आणखी बारीक करून पातळ शेणकाल्यात कालव आणि ओल्या मातीवर लिंप, वरून चिमूटभर माती भुरभुरव. जुने माळी असंच करायचे. पावसाने ओढ दिली तर मुळ्या धरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपड.

फूट दिसली की हजार फुटांना एक किलो युरिया पुरे, आणि पुन्हा द्यायचा तर महिन्याने. पानं कोरडी असताना चाळलेल्या मातीत मिसळून फेक आणि लगेच पाणी दे. पण आधी पिवळेपणा कसला आहे ते बघ. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतं आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना लागत नाही. तिथे युरिया घालून काही होत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, थोडा लिंबाचा रस, आणि ऊन उतरल्यावर फवारणी. फरशीवर उडालं तर लगेच धुऊन काढ, तो डाग निघत नाही.

श्रावणात गोल-गोल पट्टे सुकायला लागले आणि साळुंक्या तिथेच चोची मारताना दिसल्या, तर गवताचा चतकोर हाताने उचलून बघ. मुळाविना सैल सुटून आला तर खाली हुमणी आहे. एका चौरस फुटात पाच-सहा अळ्या सापडल्या तर उपाय करायलाच हवा. मेटारायझियम शेणखतात मिसळून ओल्या मातीत दे. खरा उपाय जूनमध्येच करायचा असतो. पहिल्या पावसानंतर अंधार पडताना हुमणीचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. शेजाऱ्यांनाही बरोबर घे, एका घराने केलेलं पुरत नाही.

लव्हाळा नुसता ओढलास तर गाठ खालीच राहते आणि दुप्पट येतो. ओल असताना खुरप्याने गाठीसकट काढ आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच जागी जा. दोन पावसाळे लागतील.

दसऱ्यानंतर युरिया बंद कर. डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की हराळी पुन्हा तपकिरी पडेल. माळी तेव्हा खत टाकू म्हणेल, भांगलून काढू म्हणेल, त्याला नाही म्हण. त्या दिवसांत पाणी महिन्यातून एक-दोनदा दे आणि यंत्राचं पातं काढून धार लावून आण.