इंग्रजी वाक्यातील उद्देश्य आणि विधेय

राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी महाराष्ट्रात १९६४ साली राजभाषा अधिनियम करण्यात आला. तथापि, केंद्र शासनाची अनेक पत्रे, उच्च न्यायालयाचे निर्णय आणि कित्येक अधिनियमांचे मूळ पाठ इंग्रजीतूनच हाती येतात. ते वाचताना शब्दकोश जवळ असूनही अडचण राहते. कारण ती शब्दांची नसून वाक्याच्या बांधणीची असते.

ज्याच्याविषयी वाक्यात काही सांगितलेले असते ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगितलेले असते ते विधेय, ही व्याख्या मराठी व्याकरणातही आहे. ‘द सरपंच साइन्ड द चेक’ या वाक्यात ‘द सरपंच’ हे उद्देश्य व उरलेला भाग विधेय. येथवर कोणाची गफलत होत नाही.

ती होते मराठीच्या सवयीमुळे. ‘सरपंचाने अर्ज वाचला’, ‘सरपंचाने चिठ्ठी वाचली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद कर्माकडे पाहतच नाही. त्याचे वचन उद्देश्याशी जुळते. शिवाय ‘उद्या येतो’ एवढ्याने मराठीत काम भागते, तर इंग्रजी विधानात उद्देश्य लिहावेच लागते. पाऊस पडत असला तरी ‘इट इज रेनिंग’ असे नाममात्र उद्देश्य उभे करावे लागते. आज्ञार्थी वाक्यात मात्र ‘यू’ अध्याहृत असतो.

उद्देश्य लांबले की विद्यार्थी, आणि कधी कधी कार्यालयातील अनुभवी माणूसही, चुकतो. ‘द लिस्ट ऑफ फार्मर्स फ्रॉम द थ्री व्हिलेजेस इज रेडी’ येथे ‘व्हिलेजेस’ हा शब्द शेजारी असल्याने ‘आर’ लिहिले जाते. शिक्षकांनी अशा वेळी वाक्याचा प्रश्न करून दाखवावा : ‘इज द लिस्ट ऑफ फार्मर्स फ्रॉम द थ्री व्हिलेजेस रेडी?’ ‘इज’ जेवढे शब्द ओलांडून पुढे गेला तेवढे सगळे उद्देश्य. त्यातील मुख्य नाम ‘लिस्ट’, आणि ते एकवचनी. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ही कसोटी अधिक उपयोगी पडते.

कर्मणी रचनेत प्रश्न अधिक गंभीर होतो. ‘द कम्प्लेंट शॅल बी फॉरवर्डेड टू द तहसीलदार विदिन फिफ्टीन डेज.’ घाईने वाचणारा ‘तहसीलदार’ हे पद पाहून तहसीलदारांनी पंधरा दिवसांत काही करावयाचे आहे, असे समजतो. वस्तुतः उद्देश्य ‘द कम्प्लेंट’ आहे. तक्रार तहसीलदारांकडे पाठवावयाची आहे. ती कोणी पाठवावयाची, हे या वाक्यात सांगितलेलेच नाही. ते मागील वाक्यात अथवा नियमात शोधले पाहिजे. अन्यथा तक्रार टेबलावरच राहते आणि मुदत निघून जाते.

काही वेळा उद्देश्य क्रियापदानंतर येते. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३-ख च्या इंग्रजी पाठात आरंभी ‘देअर’ हा शब्द आहे. तो केवळ जागा भरतो. प्रत्येक राज्यात ज्या घटित करावयाच्या त्या ‘पंचायत्स’ हे खरे उद्देश्य क्रियापदाच्या पुढे आलेले आहे. तेथील ‘शॅल’मुळे ते बंधन ठरते.

त्याच दुरुस्तीतील अनुच्छेद २४३-क ग्रामसभेविषयी आहे. मुख्य वाक्याचे उद्देश्य ‘ग्रामसभा’ आणि विधेयाचा आरंभ ‘मे’ने. पण त्यात एक गौण वाक्यही आहे. त्याचे उद्देश्य वेगळे, म्हणजे राज्याचे विधानमंडळ, आणि त्यालाही स्वतःचा ‘मे’ आहे. पहिला ‘मे’ ग्रामसभेने अधिकार वापरण्याविषयीचा, दुसरा विधानमंडळाने ते अधिकार कायद्याने ठरवून देण्याविषयीचा. म्हणून ग्रामसभेला नेमके कोणते अधिकार आहेत, हे पाहण्यासाठी पंचायत सदस्यांना संविधानानंतर राज्याचा ग्रामपंचायत अधिनियम उघडावा लागतो.