अंतर आणि अवधी : पनवेल ते नागपूर

दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या बांधवांसाठी भूगोलाचा हा छोटासा पाठ. खांदा कॉलनीनजीकचा नवी मुंबई विमानतळ सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ ७९ अंशांवर. अक्षांशांतील फरक सुमारे २ अंश. आपल्या भागात रेखांशाचा १ अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा, तर अक्षांशाचा १११ किलोमीटरांचा भरतो. म्हणजे पूर्वेकडे ६३० आणि उत्तरेकडे २२२ किलोमीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने हवाई अंतर सुमारे ६७० किलोमीटर येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते ५० मिनिटांत कापता येईल. परंतु धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण धरता सुमारे दीड तास लागतो. मुंबईहून लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा. त्यात रात्र सरते.

इतिहासाचे मोजमाप मात्र निराळे असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने, कित्येक पायीही, नागपुरास पोहोचली. आणि आपल्या शेजारच्या या विमानतळासाठी १० गावांतील कुटुंबांना घरे व जमिनी सोडाव्या लागल्या. आपला वाचलेला वेळ कोणाच्या त्यागातून आला, हे जाणणे हाच या पाठाचा स्वाध्याय होय.

जय भीम! नमो बुद्धाय!