नालवाडीचं तूप, न्यू जर्सीची दारं

प्रश्न : आमच्याकडे दहा-बारा गवळाऊ गायी आहेत. घरच्या तुपाला वर्ध्यात कायमचं गिऱ्हाईक आहे. पेढे आणि गोरसपाकासारखी तुपातली बिस्किटंही आम्ही करतो. पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, गणपतीच्या आधी पन्नास किलो तूप आणि थोडे पेढे पाठवा, हातोहात खपतील. दुबईचा एक ओळखीचा व्यापारीही विचारतो आहे. एका एजंटाने सगळे परवाने काढून देण्यासाठी बरीच मोठी रक्कम सांगितली आहे. नेमके कोणते कागद लागतात?
— एक वाचक, नालवाडी (जि. वर्धा)

उत्तर : एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर थांबा. परवाने मिळवणे हा यातला सोपा भाग आहे. तुमचा माल त्या देशात जाऊ शकतो का, आणि गेलाच तर त्याचा भाव तिथे टिकतो का, हे आधी बघायचे असते. तुम्ही तूप, पेढे आणि बिस्किटे एका दमात लिहिली आहेत. परदेशातल्या कायद्यापुढे मात्र त्या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत.

यामागे कारण आहे जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचे. भारत या रोगापासून मुक्त मानला जात नाही. त्याच्याविरुद्ध सप्टेंबर २०१९ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालू आहे. तुमच्या गायींच्या कानात बारा आकडी बिल्ला असेल, तो याच कामाचा. या रोगाच्या देशांतून दूध, भुकटी, खवा घेण्यावर अमेरिकेची कडक बंधने आहेत. चीज, लोणी आणि बटर ऑइल यांना मात्र तिथल्या नियमांत सूट आहे, आणि तूप बटर ऑइलच्या खात्यात बसते. म्हणजे तुपाला वाट आहे, खव्याच्या पेढ्याला जवळपास नाही. पेढ्यांचा विचार सोडून द्या.

आता ज्याबद्दल एजंट बोलणार नाही ते सांगतो. अमेरिकेत तुपावर आयातीचा कोटा आहे. कोट्यातल्या कमी दराचा माल आणायला तिथल्या आयातदाराकडे खास परवाना लागतो. कोट्याबाहेरच्या मालावर किलोमागे १.८६५ डॉलर आणि शिवाय किमतीच्या साडेआठ टक्के शुल्क पडते. पन्नास किलोवर नुसते पहिल्या भागाचेच त्र्याण्णव डॉलर झाले. त्यावर भारतीय मालाला लागू असलेले इतर शुल्क वेगळे. ते बदलत राहते, माल निघण्याच्या दिवशीचा दर आयातदाराकडून लेखी घ्या. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत दिसणारे बरेच तूप तिथल्याच लोण्यापासून कढवलेले असते, ते उगीच नाही. गवळाऊचे तूप त्याच्याशी भावात लढू शकणार नाही. नावावर लढायचे असेल तर नाव आहे : ही जात वर्ध्याची, हेटीकुंडीला तिचे सरकारी प्रजनन केंद्र, आणि जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम हाती घेऊन ज्या गोपुरीत झोपडी बांधली ती तुमच्या नालवाडीचीच. हे डब्यावर छापायला हरकत नाही. ‘ए-टू’ दुधाचे तूप असे मात्र छापू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे दावे काढून टाकायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. ज्यावर सरकारचेच एकमत होत नाही त्यावर तुमचा लेबलाचा खर्च कशाला?

भारताच्या बाजूचे कागद असे. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक, तो घरबसल्या ऑनलाइन निघतो. अन्नसुरक्षेचा केंद्रीय परवाना. वर्ध्यात तूप विकायला पुरते ती साधी नोंदणी निर्यातीला चालत नाही. अपेडा या कृषी-निर्यात संस्थेकडची नोंदणी, दुग्धजन्य पदार्थ आणि बिस्किटे दोन्ही तिच्या यादीत येतात. बँकेचा एडी (अधिकृत विक्रेता) कोड बंदरावर नोंदवायचा. जीएसटीत हमीपत्र भरले की निर्यातीवर कर भरावा लागत नाही. ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यायचे असते.

खरी अडचण निर्यात तपासणी परिषदेची. १९६३ च्या कायद्याखाली दुग्धजन्य पदार्थ अधिसूचित आहेत. माल मान्यताप्राप्त कारखान्यातच तयार व्हावा लागतो, आणि आरोग्य प्रमाणपत्र त्या मान्यतेवरच मिळते. पक्की फरशी, पाण्याची चाचणी, दुधातल्या औषधांच्या अंशांची तपासणी, प्रत्येक घाण्याची नोंद हे सारे आले. दहा-बारा गायींच्या घरगुती कढईला ते झेपणार नाही, आणि झेपवू नये असे माझे मत आहे. मान्यता असलेल्या एखाद्या डेअरीत तुमचे दूध वेगळे ठेवून तूप कढवून घेण्याचा करार करा. अमेरिकेसाठी त्या कारखान्याची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी हवी. तिचे नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होते.

आणखी एक बाब खास आपल्या कापूसपट्ट्याची. सरकी खाणाऱ्या गायीच्या तुपाचा रायकर्ट आकडा, म्हणजे शुद्धता तपासताना मोजला जाणारा आकडा, कमी येतो. भारतातल्या जुन्या मानकांत कापूसपट्ट्यासाठी वेगळी मर्यादा होती ती त्यामुळेच. परदेशी प्रयोगशाळेला हे ठाऊक असेलच असे नाही. तिला तुमचे शुद्ध तूप भेसळीचे वाटू शकते. नमुना आधी इथे तपासून घ्या, अहवाल आयातदाराला पाठवा आणि त्याची मर्यादा विचारा.

बिस्किटांची गोष्ट तुलनेने सोपी. ती बेकरीच्या शीर्षकाखाली जातात. गहू आणि दूध हे अ‍ॅलर्जीचे घटक अमेरिकी लेबलावर स्पष्ट लिहिलेले हवेत, सुकामेवा असेल तर त्याचे नावही. दुबईला लेबल अरबीत लागते, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख छापलेली, आणि सोबत आरोग्य प्रमाणपत्र. भारत आणि अमिरातींमधल्या १ मे २०२२ पासूनच्या व्यापार करारातली शुल्कसवलत हवी असेल तर मूळ देशाचा दाखला काढा. तुमच्या जागी मी असतो तर आधी बिस्किटे, आणि तीही आधी दुबईला पाठवली असती.

पुतण्याचे मित्र युरोपात असतील आणि ‘बॅगेत दोन डबे आणा’ म्हणत असतील, तर नको. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानातही चालत नाहीत.

पैशाबद्दल शेवटी. ओळखीचा व्यापारी आहे म्हणून उधारीवर पहिला माल सोडू नका. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली कागद बँकेत पोचल्यावर. तो नाही म्हणाला तर त्याच्या बँकेचे पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) मागा. त्यालाही नकार आला, तर तुपाला वर्ध्यातच गिऱ्हाईक आहे, असे तुम्हीच लिहिले आहे.