बिनडिस्कचा राउटर : एक अभ्यास

जुना संगणक भंगारात निघतो तो पुष्कळदा हार्ड डिस्क गेल्यामुळे. परंतु डिस्क ही संगणकाची कोठी आहे, मेंदू नव्हे. आणि कोठीवाचून चालणारी कामेही असतात. राउटरचे काम त्यांपैकीच एक. कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आंतरजालावर आपण सारेच दिवसरात्र वावरतो, तेव्हा आपल्या दारात कोण उभे आहे, हे ठाऊक असलेले बरे, एवढेच माझे उत्तर.

पुण्यातल्या जुन्या वाड्याची कल्पना करा. बिऱ्हाडे दहा, दिंडी दरवाजा एक, टपालाचा पत्ताही एकच. दारावरचा पहारेकरी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर एक क्रमांक घालतो आणि ते कोणत्या बिऱ्हाडाचे, हे वहीत टिपतो. उत्तर आले की क्रमांक पाहून ते त्या बिऱ्हाडी पोचवतो. कोणी न मागवलेले पत्र आले, तर वहीत नोंद नसते; ते दारातूनच परत. राउटर हेच करतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ साली ही युक्ती कागदावर मांडली गेली.

आता मुख्य मुद्दा. पहारेकऱ्याची वही रॅममध्येच असते. डिस्कवर साठवण्यासारखे त्याच्यापाशी जवळजवळ काही नाही. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ने सारी यंत्रणा १.४४ मेगाबाईटच्या एका फ्लॉपीत बसवली. सुरू होताना ती दाबलेल्या रूपात वाचली जाई, रॅममध्ये उलगडे, आणि मग फ्लॉपीचे काम संपे. आजच्या एका छायाचित्रालाही ही जागा अपुरी पडते! पुढे त्यातून ‘लीफ’ निघाला आणि ‘लीफ’मधून ‘अल्पाइन लिनक्स’. रॅममधून चालण्याची ही रीत अल्पाइनने आजही ठेवली आहे.

मी एका डिस्क गेलेल्या पेंटियम ४ वर तेच बसवले. ५१२ मेगाबाईट रॅम, दुसरे एक नेटवर्क कार्ड आणि पेनड्राइव्ह, एवढेच साहित्य. प्रथम बायॉसमध्ये पेनड्राइव्हला अग्रक्रम द्यावा आणि कीबोर्ड नसताना अडून राहू नये अशी सूचना करावी; नाहीतर हे शहाणे यंत्र ‘कीबोर्ड सापडत नाही, अमुक कळ दाबा’ म्हणत बसते! बाहेरच्या कार्डाला पत्ता पुरवठादाराच्या पेटीकडून मिळतो. ती पेटी बहुधा १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते वाटते, म्हणून आतली मालिका वेगळी हवी, मी १९२.१६८.५० घेतली. एका कार्डावरचे दुसऱ्याकडे जाऊ देण्याची परवानगी कर्नलमध्ये मुळात बंद असते, तिथे शून्याचा एक करावा लागतो. पत्ते वाटण्याचे काम ‘डीएनएसमास्क’कडे, वही ठेवण्याचे ‘एनएफटेबल्स’च्या नियमांकडे.

एक गोष्ट मात्र जपावी. केलेला बदल रॅममध्ये असतो. ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा देऊन तो पेनड्राइव्हवर उतरवला नाही, तर वीज जाताच नाहीसा होतो. याच गुणाचा उलट फायदाही आहे. कोणी आत शिरून रॅममध्ये काही पेरले, तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करताच ते पुसले जाते. ज्या भगदाडातून तो शिरला ते मात्र तसेच राहते. म्हणून जुन्या फ्लॉपीतल्या आवृत्त्या आज वापरू नयेत, ताजी घ्यावी.

खर्चाचे म्हणाल तर असा संगणक ६० वॅट धरला, तरी वर्षाला ५२६ युनिटे खातो. बाजारातला छोटा राउटर १० वॅटांवर चालतो, म्हणजे ८८ युनिटे. काटकसर म्हणून हा उद्योग परवडत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. मला तो परवडला तो वहीतल्या नोंदी उघडून वाचता आल्यामुळे. घरातले कोणते यंत्र मध्यरात्री कोणाशी बोलते, हे विकतच्या डब्यांपैकी बरेचसे इतक्या सहज दाखवत नाहीत. आमच्याकडे दूरदर्शन संच बंद असतानाही बोलत होता. त्याला मी वेगळा नियम लावला आहे.