आधी ऐका, मग माल काढा

मी आचोळ्यात राहतो. वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत माल तपासण्याचं काम मी वर्षानुवर्षं केलं. अपघात अचानक होतो असं सगळे म्हणतात. मी मात्र पाहिलंय की, बहुतेक वेळा आधी कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं.

एका गाळ्यात पॉवर प्रेसवरचा मुलगा सकाळीच म्हणाला, "साहब, मशीन डबल मार रही है." पायडल एकदा दाबलं की प्रेस दोनदा खाली येत होती. क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली की असं होतं. दुसरा ठोका पडतो तेव्हा हात नेमका डायमध्ये असतो. सुपरवायझर फोनवर होते, बाहेर टेम्पो उभा होता. "हो हो, बघतो. आधी माल काढ," ते म्हणाले. जेवणाच्या सुट्टीआधी त्या मुलाची दोन बोटं गेली. सुपरवायझर मनाने चांगले होते, पण त्यांचं लक्ष टेम्पोत अडकलं होतं.

हे मोठमोठ्या ठिकाणीही घडतं. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या विमानतळावर, धुक्यात, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने ती झटकली. दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. कनिष्ठाचं ऐकून घेण्याचं शिक्षण वैमानिकांना रीतसर देण्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

म्हणून पाळी सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं आहे. कामगार बोलायला आला की फोन खाली ठेवा. प्रेसच्या आवाजात अर्धे शब्द हरवतात, त्याला दाराबाहेर घेऊन जा. त्याचं मराठी किंवा हिंदी मोडकं असेल, तर त्याच्या भाषेतला सहकारी जोडीला घ्या. मध्येच उत्तर देऊ नका. "कधीपासून? दर वेळी होतं का? काल काय बदललं होतं?" एवढं विचारा.

मग ऐकलेलं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा. रेल्वेत फाटक बंद झाल्याची खात्री म्हणून गेटमन स्टेशन मास्तरला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा गुप्त आकडा, देतो आणि तो नोंदवला जातो. नुसत्या "हो"वर तिथे गाडी सोडत नाहीत. आपल्याकडेही तक्रार वहीत लिहा, आणि काय केलं ते त्याच पाळीत सांगणाऱ्याला कळवा. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. धोक्याची गोष्ट असेल, तर आधी मशीन बंद करा आणि मगच चर्चा करा.

कामगारांनाही विनंती आहे: एकदा सांगून ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा, चार जण मिळून सांगा, पण त्या मशीनला हात लावू नका. उशिरा गेलेला माल दुसऱ्या दिवशी पोहोचवता येतो, गेलेलं बोट परत येत नाही.