बरे होतानाचे दुखणे : जेवण सोडू नका

दुष्काळात खंगलेला बैल घरी आणला, तर जाणता शेतकरी पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे धान्याचे घमेले ठेवीत नाही. रिकाम्या पोटी एकदम धान्य पडले तर जनावर फुगते, प्रसंगी दगावतेही. म्हणून तो आधी थोडी वैरण घालतो, मग मूठभर पेंड देतो आणि रोज थोडे वाढवीत नेतो. पण पोट बिघडेल या भीतीने तो बैलाला उपाशीही ठेवीत नाही.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. काही मुलामुलींना, कधी मोठ्या माणसांनाही, आपण लठ्ठ होऊ या भयाने जेवण तोडण्याचा आजार जडतो. त्याला ॲनोरेक्सिया म्हणतात. काही जण भराभर खूप खातात आणि मग मुद्दाम ओकारी काढतात किंवा जुलाबाची औषधे घेतात. तो बुलिमिया. हे नखरे नव्हेत, हट्ट नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा आजार आहे आणि उपचारांनी तो बरा होऊ शकतो.

आज आपण त्यातील एकाच टप्प्याचा विचार करू. उपचार सुरू झाले, मुलगी जेवू लागली आणि दुखणे उलट वाढले. चार घास घेतले की पोट तट्ट फुगते. मळमळते, शौचाला होत नाही, पाय सुजतात. तिला वाटते, ‘जेवत नव्हते तेव्हाच मी बरी होते.’ आईलाही वाटते, अन्न मानवत नाही, तर चार दिवस राहू दे. येथेच पुष्कळांचे उपचार तुटतात.

असे का होते?

उपासमारीत शरीर काटकसर करते. जठर व आतडी मंद होतात आणि अन्न पोटात फार वेळ पडून राहते. म्हणून थोडेसे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. यावर खरे औषध एकच, नियमित जेवण. काही आठवडे नेमाने खाल्ले की बहुतेकांची पचनाची चाल सुधारते. जेवण थांबविले तर आतडी पुन्हा सुस्तावतात आणि सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. विवेकबुद्धीला अनुसरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे शिकणे हा त्यामागचा हेतू होता. २४ आठवड्यांत त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन घटले. ते चिडचिडे व उदास झाले, मन सदा अन्नाभोवती फिरू लागले आणि अनेकांच्या पायांवर सूज आली. पुन्हा जेवण मिळू लागल्यावरही शरीर व मन लगेच पूर्ववत झाले नाही, त्याला महिने लागले. उपासमार धडधाकट माणसाचीही अशी दशा करते. मग आजारी मुलीला दोष का द्यावा?

त्रास कमी कसा करावा?

१. डॉक्टरांनी ठरविलेला आहार पाच-सहा वेळांत विभागून द्यावा. मऊ भात व तूप, मुगाचे वरण, अंडे, केळे, शेंगदाण्याचा लाडू असे थोडक्यात ताकद देणारे पदार्थ बरे. कच्ची कोशिंबीर व कोंड्याचे पदार्थ सुरुवातीस कमी ठेवावेत, त्यांनी पोट लवकर भरते. जेवणाआधी पोटभर पाणी पिऊ नये.

२. जेवणानंतर पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवावी व कपडे सैल घालावेत. लगेच आडवे होऊ नये. विणकाम, गप्पा, रेडिओ यांत तासभर मन गुंतवावे.

३. पाय सुजल्यास बसताना ते उशीवर उंच ठेवावेत. ही सूज पाण्याची असते, चरबीची नव्हे. ती डॉक्टरांना दाखवावी, पण लघवी होण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

४. जुलाबाची औषधे बंद केल्यावर काही आठवडे शौचास त्रास होतो. डॉक्टरांना सांगावे, ते सौम्य औषध देतील. जुलाबाने अंगातील पाणी व क्षार जातात, खाल्लेले अन्न फारसे जात नाही.

५. ओकारी काढणे थांबविल्यावर काहींचे गाल कानाखाली सुजतात. शेक द्यावा व लिंबाची आंबट गोळी चघळावी. सूज हळूहळू ओसरते.

६. रात्री घाम येतो, अंग तापल्यासारखे वाटते. शरीर डागडुजीला लागले की असे होऊ शकते. मात्र खरा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

७. वजन आधी पोटाभोवती येते, मग काही महिन्यांत सर्वांगास वाटले जाते. तोवर आरशापुढे वेळ घालवू नये.

केव्हा थांबू नये?

फार दिवस उपाशी राहिलेल्यास घरीच एकदम भरपेट जेवू घालू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार अचानक घटून हृदयास धोका होतो. म्हणून सुरुवात रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. छाती धडधडणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे, बरळणे, झपाट्याने वाढणारी सूज, पोटात असह्य कळ, ओकारीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी इस्पितळात न्यावे. मन फार खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

घरच्यांसाठी

ताटावर पहारा करू नका, सोबत जेवायला बसा. ‘आता चांगली भरलीस हं’ असे कौतुकानेही म्हणू नका, तिच्या कानी ते ‘लठ्ठ झालीस’ असेच पडते. डॉक्टर सांगेपर्यंत शेतातील अवजड कामास लावू नका. राखेच्या बुधवारी व गुड फ्रायडेला इतरांचा उपवास असला तरी आजारी माणसावर त्याचे बंधन नाही. तिने त्या दिवशीही वेळेवर जेवावे, आणि हे तिला घरातील वडीलधाऱ्यांनीच आधी सांगावे.

पोट दुखते तेव्हा तिला एवढेच सांगा, ‘हे दुखणे उतरणीचे आहे. आपण आणखी दोन घास खाऊ, मी बसते तुझ्याजवळ.’